उठवायचा राहिलेला गडी

मैदानावर रबरी नळीने पाणी मारताना मातीचा जो वास येतो, त्याचे पावसाशी काही नाते नसते. तो माणसाने मागवलेला वास. त्यात तापलेल्या रबराचा उग्रपणा असतो, टँकरच्या तळाशी साचलेल्या गंजाची चव असते, आणि दोन दिवस चाळून पसरलेल्या तांबड्या मातीचा ऊबदार, काहीसा भाकरीसारखा दरवळ असतो. गेली सव्वीस वर्षे ऐन वैशाखात, डोंबिवली पूर्वेच्या आमच्या मैदानावर हा वास सुटला की माझा घसा आपोआप खाकरला जातो. मी आमच्या क्रीडा मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचे समालोचन करतो. खेळलो कधीच नाही. गुडघे लहानपणापासून दुबळे. खेळता येत नाही ते बोलून दाखवावे, एवढाच माझा खेळाशी संबंध.

नोकरीही बोलण्याचीच. ठाण्याला खोपटच्या बस आगारात चौकशीच्या खिडकीमागे बसून मी गाड्यांची नावे पुकारतो. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती अर्धा तास उशिरा आहे, कोणती सुटण्याच्या बेतात आहे, हे दिवसभर सांगायचे. अशा नोकरीत आवाज हळूहळू माणसापासून सुटा होतो. मन घरच्या भांडणात असते, बोट बटणावर असते आणि आवाज आपला महाड, पोलादपूर, खेड म्हणत पुढे निघून गेलेला असतो. कित्येकदा गाडीचे नाव सांगून झाल्यावर मला कळले आहे की मी ते सांगितले. याचा मला अभिमान होता. बिनचूकपणा म्हणजे काय, तर विचार न करता बरोबर बोलणे, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी मे महिन्यात सीमेवर युद्ध पेटले. आमच्यापासून ते शेकडो कोस दूर होते आणि तरीही ते आमच्या बैठकीच्या खोल्यांत, पानाच्या टपऱ्यांवर, केस कापायच्या दुकानांत चोवीस तास चालू होते. टीव्हीवर रंगात आलेला क्रिकेटचा सामना एका संध्याकाळी मध्येच थांबला, मैदानावरचे दिवे एकेक करून मालवले गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच पडद्यावर, जवळजवळ त्याच उत्साही आवाजात, आपण त्यांचे किती पाडले आणि त्यांनी आपले किती पाडले याचे आकडे सरकू लागले. गुणफलक तोच राहिला, खेळ तेवढा बदलला. मी ते बघत होतो. जेवताना बघत होतो, हात धुऊन येऊन पुन्हा बघत होतो. एकदा तर बायकोने हाक मारली तेव्हा मी म्हणालो, "थांब जरा, एवढं एक होऊ दे." काय होऊ दे, हे तिने विचारले नाही.

त्याच आठवड्यात कल्याणला सायरन वाजवून बचावाची तालीम झाली. मी मुद्दाम बघायला गेलो. बाल्कन्यांत चहाचे कप घेऊन माणसे उभी होती, मोबाईल उंचावलेले होते, आणि खाली उन्हात, गळ्यात चिठ्ठ्या अडकवलेले स्वयंसेवक जखमी नि मृत होऊन पडले होते. त्यातल्या एका मृताचा फोन वाजला. त्याने पडल्यापडल्याच तो कानाला लावला नि म्हणाला, "अरे मी मेलेलोय आत्ता, नंतर करतो ना!" हास्याचा असा स्फोट झाला की स्ट्रेचर धरलेले दोघेही हसू लागले. मीही हसलो. घरी येऊन तो किस्सा रंगवून सांगितला, आवाज काढून सांगितला. आता तो मी कुणाला सांगत नाही.

स्पर्धा घ्यायची की नाही, यासाठी मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष विलास माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा हात सतत कुणाच्या तरी खांद्यावर असतो आणि त्याला शंका कसली ती येत नाही. दिवे लावायचे की नाहीत याबद्दल रोज नवा निरोप येत होता, म्हणून सामने प्रकाशझोतात न घेता सकाळी आणि दुपारनंतर घ्यावेत, असे त्याने ठरवूनच टाकले होते. गुणलेखक भावे सर, निवृत्त शिक्षक, एवढेच म्हणाले की यंदा राहू द्यावे.

"का राहू द्यावं, सर?" विलास म्हणाला. "डोंबिवलीवर कोण बॉम्ब टाकतंय? कारखान्यांच्या धुरात त्यांना दिसणार तरी आहे का डोंबिवली!"

सगळे हसले. मग त्याने स्पर्धेला शौर्याचे नाव द्यायचे सुचवले, प्रत्येक सामन्याआधी घोषणा, मैदानाच्या चारही कोपऱ्यांत झेंडे, आणि उपान्त्य सामन्याला "आपल्या प्रशिकच्या आईचा सत्कार". माझ्याकडे वळून म्हणाला, "मध्या, छायाताईंना तू सांग. तुझ्या आवाजाला त्या नाही म्हणायच्या नाहीत."

मला भावे सरांच्या बाजूने बोलायचे होते. वाक्य तयारही होते. पण जिथे माझ्यासमोर माइक नसतो तिथे मी फारसा बोलत नाही, हे माझे जुने दुखणे.

प्रशिक म्हणजे आमच्या संघाचा सात नंबर. चार वर्षांपूर्वी तो सैन्यात गेला. चढाईला निघण्याआधी वाकून मधल्या रेषेवरची चिमूटभर माती उचलायची, ती कपाळाला न लावता दोन्ही तळव्यांवर चोळायची आणि मग डावा खांदा पुढे करून आत शिरायचे, ही त्याची पद्धत. त्याचे नाव मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा उच्चारले होते की ते माझ्या जिभेला खेड-पोलादपूरसारखे पाठ होते. त्याची आई छायाताई औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पाकिटे भरण्याचे काम करते. वडील तो शाळेत असतानाच गेले. मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा प्रशिकचा फोन येऊन सहा दिवस झाले होते. दारातून समोरच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसत होती, खाली पाण्यात मोगऱ्याची फुले तरंगत होती, आणि ताईंच्या मुठीत मोबाईल होता. बोलतानाही तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"मला नका बोलवू, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या भोंग्यात फोन वाजलेला कळेल का मला? आणि तिथं बसून करू काय? सगळे खेळ सोडून माझंच तोंड बघणार."

त्या अगदी बरोबर बोलत होत्या. आणि मी, माझ्या त्या सुट्या झालेल्या आवाजात, त्यांना समजावले. मुलगा तुमचा असला तरी अभिमान सगळ्या वस्तीचा आहे, म्हणालो. पोरांना हुरूप येईल, म्हणालो. तुमच्या शेजारचा भोंगा बंद ठेवतो, म्हणालो. शेवटी त्या थकून "बरं" म्हणाल्या. तो होकार मी एखादी पकड यशस्वी झाल्यासारखा विलासला फोनवरून कळवला.

इथे एका शब्दाबद्दल सांगायला हवे. कबड्डीत ज्याला पकडले किंवा स्पर्श झाला तो गडी "बाद" होतो, असे नियमांच्या पुस्तकात आहे. आमच्या मैदानावर मात्र तो "मरतो". आमच्या आजोबांच्या पिढीपासून मरतो. आणि समोरचा एक मेला की आपला एक मेलेला "उठतो", पुन्हा जिवंत होऊन आत येतो. बाकीच्या मैदानांवर हा शब्द कधीच गेला. मी तो हट्टाने टिकवला होता. बाद हा कचेरीतला शब्द, त्याला घामाचा वास नाही, असे मी तावातावाने म्हणत असे. पकड पूर्ण होईपर्यंत मी श्वास रोखून थांबायचो आणि पंचांची शिट्टी वाजली की गड्याचे नाव घेऊन, दोन्ही अक्षरांवर भार देत, "मेला!" म्हणायचो. त्या एका शब्दासाठी लोक वाट बघत. लहान मुले माझी नक्कल करत.

"यंदा बाद म्हणा, मधुकरराव," भावे सरांनी आदल्या दिवशी हळूच सांगितले. मी लगेच मान्य केले. त्यांनी वहीचा कागद फाडून त्यावर ठळक अक्षरांत "बाद" असे लिहिले आणि ती चिठ्ठी माइकच्या दांडीला चिकटवून दिली. शिक्षकाचे ते सुंदर, वळणदार अक्षर. दोन दिवस, सतरा-अठरा सामने, मी ती चिठ्ठी बघत बोललो. बाद, बाद, बाद. लोक थोडे हिरमुसले, एक म्हातारबाबा तर टेबलाशी येऊन "काय रे, घसा बसला काय?" असे विचारून गेले. पण मला बरे वाटत होते. आपण काहीतरी जबाबदारीने करतो आहोत असे वाटत होते.

उपान्त्य सामना संध्याकाळी पाचला होता. उन्हाची धार गेलेली, पण जमिनीतून वाफ वर येत होती. मैदानाच्या कडेचा बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडला होता आणि वाऱ्याची झुळूक आली की त्याच्या पाकळ्या ओल्या तांबड्या मातीवर, अगदी आखलेल्या पांढऱ्या रेषांवर, येऊन पडत. छायाताई पांढऱ्या साडीत आल्या. दोन दिवसांवर बुद्ध पौर्णिमा होती. साडी तिच्यासाठीच धुऊन, इस्त्री करून ठेवलेली असणार. विलासने शाल पांघरली, नारळ दिला, घोषणा झाल्या. त्या सगळ्या वेळात ताईंनी एका हाताने नारळ सांभाळला, कारण दुसऱ्या मुठीत फोन होता. फोटोतही तो दिसतो. त्यांना पहिल्या रांगेत, मधल्या रेषेच्या समोर बसवले, आणि त्या म्हणाल्या होत्या तसेच झाले: खेळ सुरू होईपर्यंत लोक मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या शेजारचा भोंगा चालूच होता. मी विसरलो होतो.

समोर कल्याणचा संघ होता. आमच्याकडून सात नंबरचा गंजीफ्रॉक घालून ओंकार खेळत होता. प्रशिकनेच त्याला घडवले, आणि जाताना आपला नंबर दिला. सामन्याची पहिली तीन-चार मिनिटे कोरडीच गेली. मग ओंकार चढाईला निघाला. मधल्या रेषेशी वाकला, चिमूटभर माती उचलली, तळव्यांवर चोळली आणि डावा खांदा पुढे काढला. मी बोलत होतो. कल्याणच्या कोपऱ्यातल्या गड्याने घोट्याला सूर मारला, मधल्या दोघांनी साखळी केली, ओंकार त्यांना फरफटत रेषेकडे ओढत होता, त्याची बोटे रेषेपासून वीतभर अंतरावर मातीत रुतली होती, लोक उभे राहिले होते, मी श्वास रोखला होता, आणि शिट्टी वाजली.

"प्रशिक मेला!"

दोन्ही अक्षरांवर भार देऊन. चारही भोंग्यांतून.

मला कळायला, नेहमीप्रमाणे, क्षणभर उशीर झाला. आधी शांतता कळली. शेकडो माणसे उभी असलेल्या मैदानावर झेंड्यांच्या कापडाची फडफड ऐकू येऊ लागली. साखळीतले गडी एकमेकांना सोडून उठायचे थांबले. भावे सरांनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर, दोन इंचांवर, ती चिठ्ठी होती.

ताई रडल्या नाहीत. त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला. मैदानात चपला घालून जायचे नसते, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत होते. त्यांनी चपला काढल्या आणि ओल्या मातीवरून, पांढऱ्या साडीच्या निऱ्या किंचित उचलून, सरळ माझ्या टेबलाकडे चालत आल्या. विलास मध्ये आडवा आला, "ताई, अहो चुकून झालं, जिभेचं आहे ते," म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"चालू आहे ना हा?" माइककडे बोट दाखवत त्यांनी विचारले. चालू होता, त्यांचा प्रश्न मैदानभर ऐकू गेला. "मग उठवा त्याला. तुमच्यात मेलेला उठतो ना, भाऊ? इतकी वर्षं ऐकते मी. उठवा."

आवाज चढलेला नव्हता. मागणी इतकी साधी होती की तिच्यापुढे क्षमा मागणेसुद्धा हास्यास्पद वाटले असते. आणि माझ्या मनात त्या घटकेला काय आले, ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. नियम आला. समोरचा एक गडी मेल्याशिवाय आपला उठत नाही, हा नियम. मी त्यांच्यासमोर नियमाचा विचार करत उभा होतो. आपला एक उठावा म्हणून तिकडचा एक जायला हवा, तिकडेही कुणीतरी पहिल्या रांगेत बसलेले असेल, हे पुढचे विचार नंतरचे, रिकाम्या वेळेचे. तेव्हा होता तो फक्त नियम. मी म्हणालो, "ताई, त्यासाठी..." आणि थांबलो.

पंचांना काय सुचले कोण जाणे. त्यांनी शिट्टी वाजवली आणि कल्याणच्या चढाईची खूण केली.

त्यांचा नऊ नंबर पुढे आला. पस्तिशीचा, सावळा, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस. त्याने दम धरला, "कबड्डी कबड्डी" म्हणत तो आमच्या हद्दीत शिरला, आमच्या सहा गड्यांपैकी कुणाच्याही जवळ गेला नाही, आणि हळूहळू, जणू रस्ता ओलांडतो आहे अशा बेताने, बाजूच्या पांढऱ्या रेषेपर्यंत चालत गेला. तिथे तो थांबला. त्याने आमच्या टेबलाकडे, ताईंकडे पाहिले. मग त्याने उजवा पाय उचलून रेषेच्या बाहेर ठेवला. चुकून नाही, एखाद्याच्या घरात पाऊल ठेवावे तसा, नीट बघून.

शिट्टी. कल्याणचा एक गडी बाद. आमचा एक जिवंत.

मैदानावर कुणीही टाळी वाजवली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. ताई बघत होत्या, तो नऊ नंबर रेषेबाहेर उभा राहून बघत होता, बाहेर बसलेला ओंकार अर्धवट उठून बघत होता. दोन शब्द बोलायचे होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाआधी माझे मन तिथे पोहोचले होते, मला काय बोलायचे ते स्वच्छ ठाऊक होते. मी माइक जवळ घेतला, आणि म्हणालो,

"ओंकार... जिवंत."

बरोबर होते ते. नियमाने, गुणपत्रिकेने, अगदी बिनचूक. मारताना मी चुकलो होतो. उठवताना चुकलो नाही.

ताईंनी एकदा मान हलवली, जशी आपण गाडी नसल्याचे कळल्यावर हलवतो. त्या परत गेल्या, चपला घातल्या, नारळ तसाच खुर्चीवर ठेवून घरी निघाल्या. ओल्या मातीत टेबलापर्यंत आलेल्या आणि परत गेलेल्या त्यांच्या पावलांवरून पुढे खेळ सुरू झाला आणि पाच मिनिटांत ती पावले मिटली. सामना आम्ही जिंकलो. विलासने अंतिम सामन्याचे समालोचन स्वतः केले, फार वाईट केले.

चौथ्या दिवशी, तिकडे तोफा थांबल्यावर, प्रशिकचा फोन आला. खंदकात होता, फोन बंद ठेवायचे हुकूम होते, एवढेच. विलास दोन दोन पायऱ्या गाळत माझ्या घरी आला, "उठला रे तुझा गडी!" म्हणत त्याने मला मिठी मारली, आणि त्या मिठीत मी ताठ उभा राहिलो. त्या रात्री प्रशिकने मलाही फोन केला. "काय काका, मारलंत मला म्हणे? गुण कोणाला दिला?" म्हणून तो मोठ्याने हसला. मीही हसल्यासारखे केले. मग त्याने विचारले, "आणि तो कल्याणवाला कोण होता हो, काका? नाव काय त्याचं?"

मला माहीत नव्हते. भावे सरांच्या वहीत बघितले. तिथे फक्त नऊचा आकडा आणि त्यापुढे, त्यांच्या वळणदार अक्षरात, "स्वतःहून" असा शब्द होता.

प्रशिक दिवाळीत येऊन गेला. ताई रोज सकाळी कामावर जाताना भेटतात, "काय भाऊ, ड्युटी?" म्हणतात. त्यांच्या आवाजात काही नसते, ना राग ना आठवण. आणि मला वाटते, त्यांनी एकदा भांडायला हवे होते. मुलगा सुखरूप आहे तर आता काय एवढे, असे बायको म्हणते. खरेच आहे. मुलगा सुखरूप असण्याशी माझ्या वाक्याचा काही संबंध नव्हता, पहिल्याचाही नाही आणि दुसऱ्याचाही नाही. तरी त्याच्या नावाचे ते दुसरे, न बोललेले वाक्य माझ्याकडे राहून गेले आहे. ते बोलण्यासाठी मैदान हवे होते, भोंगे हवे होते, ती ओली माती आणि रेषेबाहेर उभा तो माणूस हवा होता. आता ते एकट्या ताईंना सांगून भागणार नाही.

आगारात दुपारी अडीचच्या सुमारास फलाट ओस पडतात. पत्र्यांवरून उन्हाची झळ खाली उतरते, डिझेलचा वास जड होऊन जमिनीलगत बसतो. अशा वेळी कधी कधी मी माइक ओढून घेतो आणि ते दोन शब्द जुळवून बघतो. बटणावर अंगठा असतो, दाबत नाही. ओठ मात्र हलतात.

परवा असाच बसलो होतो. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई धापा टाकत खिडकीशी आली, हातातल्या पिशव्या खाली ठेवून तिने विचारले, "साहेब, खेडची गेली का हो?"

गाडी समोरच उभी होती, चालक चहा पीत होता. मी नुसते बोट दाखवले असते तरी चालले असते. पण मी माइक जवळ ओढला, बटण दाबले, आणि रिकाम्या फलाटांवर माझा आवाज घुमलेला मला स्वतःला ऐकू आला.

"आहे," मी म्हणालो. "आहे अजून."